प्रारण कोन (हौशी रेडिओ अँटेनांचा)

अँटेनातून निघणाऱ्या लहरींचा जोर क्षितिजापासून जितक्या अंशांवर सर्वाधिक असतो, तो त्या अँटेनाचा प्रारण कोन. लघुलहरींवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) लांबचा संपर्क आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरांवरून) परतणाऱ्या लहरींनी होतो, त्यामुळे आपला आवाज कुठे जाऊन पडणार हे बऱ्याच अंशी याच कोनावर ठरते. आयनांबराचा थर ३०० किमी उंचीवर धरला, तर ५ अंशांनी निघालेली लहर एका उडीत सु. २,९०० किमीवर उतरते, १५ अंशांची सु. १,७०० किमीवर आणि ६० अंशांची जेमतेम ३३० किमीवर. याच हिशेबाने नाशिकहून दिल्लीला सु. २८ अंश लागतात, नागपूरला ४५, कोल्हापूरला ५७ आणि पुण्याला ७४.

आडव्या डायपोलचा (मधोमध केबल जोडलेल्या सरळ तारेच्या अँटेनाचा) कोन तारेच्या आकारावर नव्हे, तिच्या उंचीवर ठरतो. जमिनीवरून परावर्तित झालेली लहर थेट निघालेल्या लहरीत मिसळते; ज्या कोनात दोन्ही एकमेकींना पूरक ठरतात तिथे जोर येतो. सूत्र साधे आहे : कोनाचा साइन = तरंगलांबी ÷ (४ × उंची). पाव तरंगलांबी उंचीवर कोन ९० अंश, म्हणजे सरळ डोक्यावर. अर्ध्या तरंगलांबीवर ३० अंश. पूर्ण तरंगलांबीवर १४.५ अंश, शिवाय सु. ४९ अंशांवर दुसरा झोत. प्रत्यक्ष जमिनीवर हे आकडे थोडे सरकतात.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर, जमिनीपासून १२ मीटरवर तार बांधली असे समजू. १४ मेगाहर्ट्झवर तिचा कोन सु. २६ अंश येतो, ७ मेगाहर्ट्झवर सु. ६२. तार तीच, पण पहिल्या बँडवर (वारंवारतेच्या पट्ट्यावर) ती दिल्लीकडे बोलते आणि दुसऱ्यावर महाराष्ट्राशी. इथे उंची गच्चीपासून मोजावी की जमिनीपासून, हा प्रश्न हमखास निघतो. ढोबळ उत्तर असे, की २६ अंशांच्या लहरीचे परावर्तन इमारतीपासून सु. २५ मीटर दूर, खालच्या जमिनीवर होते, म्हणून तिथे जमिनीपासूनचीच उंची धरावी. ६२ अंशांचे मात्र सहा-सात मीटरवर होते. गच्ची मोठी असेल तर ते लोखंडी सळ्यांच्या स्लॅबवरच पडते आणि सूत्रातला आकडा फसतो.

‘अँटेना जितकी उंच तितकी चांगली’ हे म्हणूनच अर्धेच खरे. पुणे-कोल्हापूरशी दिवसा ७ मेगाहर्ट्झवर बोलायचे तर दहा-बारा मीटरवरची बुटकी तार उत्तम, कारण तिचा बराचसा जोर वरच्या कोनांत जातो. रात्री उशिरा आयनांबर विरळ झाले की अशा जवळजवळ सरळ वर जाणाऱ्या लहरी आरपार निघून जातात, मग ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते. १४ मेगाहर्ट्झवर वर गेलेली लहर एरवीही बहुधा परतत नाही. तिथे बुटकी तार म्हणजे वीज फुकट घालवणे.

इन्व्हर्टेड व्ही म्हणजे मध्य उंच आणि दोन्ही टोके खाली असलेला डायपोल; टोके उतरलेली असल्याने तिची प्रभावी उंची शेंड्यापेक्षा कमी धरतात आणि कोन थोडा चढतो. यागीलाही (समांतर आडव्या दांड्यांच्या दिशादर्शी अँटेनालाही) उंचीचाच नियम लागू : ती झोत एका दिशेला आवळते, पण बुटक्या खांबावरची यागी लांबच्या संपर्कात निराशाच करते.

पाव लहरीच्या उभ्या अँटेनाचे गणित वेगळे. आदर्श जमिनीवर तिचा जोर थेट क्षितिजाला असतो. खऱ्या जमिनीवर अगदी खालचे कोन गिळले जातात आणि शिखर २० ते ३० अंशांवर येते. जमीन जितकी कमी विद्युत्‌वाहक, तितके नुकसान अधिक. नाशिकच्या पश्चिमेला बेसाल्टवर मुरमाचा पातळ थर आहे. तिथे उभ्या अँटेनाला समुद्रकिनाऱ्यावरची मजा येत नाही. निफाडच्या काळ्या मातीत, विशेषतः पावसाळ्यात, ती बरी चालते. भरपूर रेडियल (खांबाच्या पायथ्यापासून जमिनीवर चहूकडे पसरलेल्या तारा) पसरले की सगळे सुटते, असा समज आहे. रेडियल खांबाजवळचा ऱ्हास कमी करतात. खालचा कोन घडतो तो कित्येक तरंगलांब्या दूरच्या जमिनीवर, आणि ती बहुधा शेजाऱ्याच्या मालकीची असते. शिवाय पाव लहरीची उभी अँटेना डोक्यावर जवळजवळ काहीच सोडत नाही, म्हणून आयनांबरावरून परतणाऱ्या लहरीने पुणे गाठायला ती निरुपयोगी.

डोंगरांची भीती शहरात फारशी बाळगू नये. अंजनेरी नाशिकहून वीसेक किलोमीटरवर आहे आणि क्षितिजावर दोनेक अंशच चढते. त्र्यंबकेश्वर गावात मात्र ब्रह्मगिरी अंगावरच उभा असल्याने पश्चिमेचे खालचे कोन अडतात. तिथे उंच यागीपेक्षा साधी तार शहाणपणाची. १४४ मेगाहर्ट्झवर सगळा खेळ क्षितिजालगतचा असतो. तिथे कोनाचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा अँटेना आडोशाच्या वर नेणे आणि केबलमधला ऱ्हास कमी ठेवणे अधिक कामाचे.