गाडी वितळवायच्या आधी काय काय करता येतं

इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं एक बेट आहे, तिथे छोटीशी रेल्वे लाइन आहे. 2021 च्या जानेवारीपर्यंत त्या लाइनवर जे डबे धावत होते ते 1938 च्या सुमाराला लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी बनवलेले होते. 80 वर्षांहून जास्त! कारण तसं साधंच आहे, तिथल्या राइड गावात एक बोगदा आहे आणि तो इतका बुटका की नेहमीच्या मापाच्या गाड्या आत जातच नाहीत, मग लंडनमध्ये सेवेतून काढलेले ठेंगणे डबे तिकडे पाठवायची पद्धत पडली. बरं, ते डबे अखेर थकले तेव्हाही कोरे डबे घेतले नाहीत. लंडनच्याच डिस्ट्रिक्ट लाइनवरचे 1980 च्या आसपासचे डबे आणले, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी तीच ठेवली, मोटर आणि कंट्रोल नवीन बसवले, आतलं सगळं नीट करून घेतलं आणि 2021 च्या नोव्हेंबरात गाडी सुरू.

सर्क्युलर इकॉनॉमी, म्हणजे वस्तू आणि त्यातला माल फेकून न देता चक्रासारखा पुन्हा पुन्हा वापरत राहायचा, असं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पहिलं येतं ते रिसायकलिंग, म्हणजे वस्तू मोडा, वितळवा, नवीन बनवा. पण या डब्यांना कुणी वितळवलं नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. 1976 मध्ये वॉल्टर स्टाहेल आणि जेनेव्हिएव्ह रेडे यांनी युरोपियन कमिशनसाठी एक अहवाल लिहिला होता, त्यात त्यांनी मोटारी आणि बांधकाम हे दोन उद्योग तपासले. त्यांना असं दिसलं की वस्तू बनवायला लागणाऱ्या एकूण ऊर्जेतली साधारण तीन चतुर्थांश ऊर्जा खाणीपासून पोलाद, सिमेंट असा कच्चा माल तयार होईपर्यंतच खर्च होते, आणि त्या मालापासून वस्तू घडवायला उरलेली एक चतुर्थांश. माणसांच्या कामाचं मात्र बरोबर उलटं. म्हणजे जुनी गाडी दुरुस्त केली की ऊर्जा वाचते आणि हातांना काम मिळतं, वितळवली की त्या पोलादाला आकार देण्यात गेलेली सगळी मेहनत भट्टीत जाते.

आता कुणी म्हणेल की पोलाद तर कितीही वेळा वितळवता येतं, मग अडचण काय? अडचण आहे तांब्याची, आणि ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. साध्या पेट्रोल गाडीत साधारण 20-25 किलो तांबं असतं, इलेक्ट्रिक गाडीत त्याच्या तीन-चार पट. त्यातलं बरंच वायरिंगमध्ये, म्हणजे दारात, सीटखाली, डॅशबोर्डमागे, छतात सगळीकडे पसरलेलं. गाडी भंगारात गेली की ती श्रेडरमध्ये टाकतात, तिचे मुठीएवढे तुकडे होतात, चुंबक लोखंड वेगळं करतं, पण लोखंडाच्या तुकड्यात अडकलेली वायर आणि छोट्या मोटरींची गुंडाळी सोबतच भट्टीत जाते. वितळलेल्या पोलादात ऑक्सिजन सोडला की नको असलेल्या बऱ्याच गोष्टी जळून वर मळीत येतात. तांबं येत नाही, कारण ते लोखंडापेक्षा कमी क्रियाशील आहे, त्याच्या आधी लोखंडच जळायला लागतं. एकदा शिरलं की शिरलं.

मग पुढे हे पोलाद तापवून त्याचा पत्रा लाटताना पृष्ठभागावरचं लोखंड हवेशी संयोग पावून पपडी होतं, तांबं मात्र मागे राहतं, पपडीखाली साचत जातं आणि 1085 अंश सेल्सिअसला वितळून पोलादाच्या कणांमधल्या फटीत घुसतं. पत्र्याला बारीक बारीक चिरा पडतात. त्यामुळे गाडीच्या बॉडीला लागणारा चांगला पत्रा अशा भंगारापासून बनवणं अवघड जातं, ते पोलाद बांधकामाच्या सळयांमध्ये जातं कारण सळईला थोडं तांबं चालतं. नाहीतर खाणीतून आलेलं ताजं लोखंड घालून ते पातळ करायचं. म्हणजे गाडीची परत गाडी होत नाही, गाडीची सळई होते, आणि नव्या गाडीसाठी पुन्हा खाण. याला चक्र म्हणायचं का? माझ्या मते नाही, हा जिना आहे आणि त्यावरून आपण फक्त खाली उतरतोय. उपाय माहीत आहे, श्रेडरच्या आधी वायरिंगचा जुडगा ओढून काढायचा, पण तो ओढला की सुटून यावा अशी गाडी डिझाइन करायला हवी ना.

याच्या उलट टायरचं बघा. ट्रकचा टायर गोटा झाला म्हणजे खरं तर त्याचा वरचा थरच झिजलेला असतो, आतला सांगाडा, म्हणजे स्टीलच्या तारा आणि रबराचे थर, बहुतेकदा धडधाकट असतो. रिट्रेडिंगमध्ये, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवा थर चढवताना, आधी हा सांगाडा तपासतात, आत कुठे थर सुटलेत का, खिळा शिरून तार गंजलीय का, मग उरलेलं जुनं रबर घासून एकसारखं करतात, त्यावर चिकटणारा पातळ रबराचा थर, त्यावर नक्षीचा नवा पट्टा, आणि उष्णता-दाब देऊन सगळं एकजीव करतात. लोकांना वाटतं रिमोल्ड टायर म्हणजे कमअस्सल काम, पण प्रवासी विमानांचे टायर अनेकदा असेच रिट्रेड करून पुन्हा पुन्हा वापरले जातात, आणि प्रत्येक लँडिंगला त्यांच्यावर किती भार येतो याचा नुसता विचार करा.

इथेच व्यवहाराची बाजू येते. मिशलिनसारख्या कंपन्या ट्रकवाल्यांना टायर विकण्याऐवजी किलोमीटरच्या हिशोबाने वापरायला देतात, टायर कंपनीच्याच मालकीचा राहतो. आता टायर लवकर झिजला तर तोटा कंपनीचा! मग हवेचा दाब तपासणं, वेळेत रिट्रेड करणं, सांगाडा मुळातच दणकट बनवणं हे सगळं कंपनी आपणहून करते, तिला कुणी पर्यावरणाचं महत्त्व समजावून सांगायला लागत नाही. मला विचाराल तर वाहतुकीतला सगळ्यात मोठा बदल असल्या करारांमधून येईल.

शेअरिंगबद्दल मात्र जरा सावध राहायला हवं. खाजगी कार दिवसातला साधारण 95 टक्के वेळ नुसती उभी असते, तेव्हा एक गाडी अनेकांनी वापरली तर गाड्या कमी लागतील हे बरोबरच आहे, पण चीनमध्ये 2016-17 च्या सुमाराला शेअरिंगच्या सायकली आल्या तेव्हा कंपन्यांनी एकमेकांशी स्पर्धा करत गरजेपेक्षा कितीतरी जास्त सायकली रस्त्यावर ओतल्या आणि नंतर मोकळ्या मैदानांत त्यांचे डोंगर साचले. दुरुस्तीची व्यवस्थाच उभी केलेली नसेल तर शेअरिंगने कचरा वाढतो.

आणि आता बॅटऱ्या. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी मूळ क्षमतेच्या 70-80 टक्क्यांवर आली की गाडीसाठी कमी पडायला लागते, पण एका जागी ठेवून वीज साठवायला ती अजून बरीच वर्षं चालते. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ अरेना या फुटबॉल स्टेडियममध्ये 2018 पासून 148 निसान लीफ गाड्यांच्या बॅटऱ्यांइतका साठा बसवलाय, काही नव्या, काही गाड्यांमधून काढलेल्या. ते आयुष्यही संपलं की मग रिसायकलिंग, बॅटरीचा काळा भुगा करून त्यातून निकेल, कोबाल्ट, लिथियम रसायनांनी वेगळं काढायचं. युरोपियन युनियनच्या 2023 च्या नियमाप्रमाणे 2031 पासून नव्या बॅटरीतलं किमान 16 टक्के कोबाल्ट आणि 6-6 टक्के लिथियम, निकेल हे रिसायकल केलेलं असायला लागणार आहे.

पण अडतं ते पुन्हा तिथेच, उघडण्यापाशी. गाडीची बॅटरी म्हणजे एका खोक्यात बसवलेल्या अनेक छोट्या सेलचा पॅक. आजकाल बऱ्याच पॅकमध्ये हे सेल एकमेकांना आणि खोक्याला गोंदाने पक्के चिकटवतात, त्याने वजन कमी होतं, जागा वाचते, एका चार्जिंगमध्ये गाडी जास्त लांब जाते, हे फायदे खरे आहेत. फक्त त्यातला एक सेल बिघडला तर तेवढाच बदलता येत नाही, पूर्ण पॅक काढावा लागतो, आणि त्यात चांगले सेलसुद्धा भुग्यात जातात. बोल्टने जोडलेल्या पॅकमध्ये तो सेल असलेला एक मॉड्यूल, म्हणजे सेलचा गठ्ठा, काढून दुसरा बसवता येतो. युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून इलेक्ट्रिक गाडीच्या प्रत्येक नव्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार आहे, क्यूआर कोड स्कॅन केला की आत कुठलं रसायन आहे ते कळेल, आणि दुरुस्ती किंवा रिसायकलिंग करणाऱ्याला तो पॅक कुठल्या क्रमाने सोडवायचा, कुठल्या भागाचा नंबर काय, हेसुद्धा त्यातच वाचायला मिळेल.