नर्सला हेल्थ अँड वेलनेस कोच व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि सोलापुरातून करायचे अर्ज

हेल्थ अँड वेलनेस कोच म्हणजे लोकांना खाण्यापिण्याच्या, चालण्याफिरण्याच्या सवयी बदलायला मदत करणारी व्यक्ती. या कामासाठी भारतात सरकारी लायसन्स नाही. डॉक्टरांची मेडिकल कौन्सिल आहे, आपली नर्सिंग कौन्सिल आहे, तशी कोचची कौन्सिल नाही. त्यामुळे ‘शासनमान्य वेलनेस कोच सर्टिफिकेट’ देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. नर्सकडे एक खरा सरकारी कागद आधीच असतो, तो म्हणजे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची (नर्सिंग कौन्सिलची) नोंदणी. पुढचं सगळं त्या कागदाच्या भरवशावर उभं राहतं.

सोलापुरात या कामाची गरज आहे, हे इथल्या कोणत्याही ओपीडीत तासभर बसलं तरी कळतं. यंत्रमागावर रात्रपाळी करणारे, दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायका, शुगर-बीपीच्या गोळ्या सुरू आहेत पण बाकी काहीच बदललेलं नाही असे पेशंट. डॉक्टरांना प्रत्येकासाठी पाच मिनिटं मिळतात. उरलेलं बोलणं आजवर सिस्टरच करत आली आहे, तेही उभ्या उभ्या आणि फुकट.

पण नर्सचं समजावणं वेगळं आणि कोचिंग वेगळं. हा फरक पचवायला अनुभवी सिस्टरलाच जास्त वेळ लागतो. समजा, विडी वळणाऱ्या एक अक्का शुगरचा रिपोर्ट घेऊन आल्या. आपल्या तोंडून सवयीने निघतं, “अक्का, भात बंद करा, रोज अर्धा तास चाला.” अक्का मान डोलावतात आणि घरी जाऊन पहिल्यासारखंच वागतात. कोच म्हणून बोलायचं तर, “अक्का, दिवसभरात उठायला कधी कधी मिळतं?” असं विचारून गप्प बसायचं. “कुठलं हो सिस्टर, हजार विड्या व्हायला पाहिजेत. पानं भिजवायला उठते तेवढंच.” “मग पानं भिजवायला उठाल तेव्हा काय जमेल?” “अंगणात चार फेऱ्या मारीन की.” त्या चार फेऱ्या अक्कांनी स्वतः ठरवल्या, म्हणून पुढच्या आठवड्यात त्याबद्दल विचारता येतं. सल्ला कमी, प्रश्न जास्त, आणि ठरवणार समोरचा माणूस. हे शिकल्याशिवाय पाटी लावू नये असं माझं ठाम मत आहे.

आधी कौन्सिलची नोंदणी आणि नाव

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक झालेल्या प्रत्येकीने आधी नोंदणीची मुदत पाहावी. परिचर्या परिषदेचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घेतलेल्या पुढच्या नर्सिंग शिक्षणाचे, क्रेडिट पॉइंट लागतात. अर्ज परिषदेच्या संकेतस्थळावरून होतो. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, आधीच्या नूतनीकरणाचा कागद, सीएनईची प्रमाणपत्रं, आधार आणि फोटो स्कॅन करून ठेवा. कोच व्हायचं ठरवून बेडसाइड सोडलं तरी नोंदणी लॅप्स होऊ देऊ नका. ‘रजिस्टर्ड नर्स’ हे दोन शब्द नावापुढे लावण्याचा हक्क चालू नोंदणीतूनच मिळतो, आणि इतर कोचमध्ये व तुमच्यात लोकांना दिसणारा फरक तोच आहे.

खरी अडचण नावाची. प्रशिक्षण माहेरच्या नावाने झालेलं असतं, कौन्सिलचं प्रमाणपत्रही त्याच नावाचं. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव येतं, पॅन कधी जुन्या नावावर राहतं, बँकेत तिसरंच स्पेलिंग असतं. नोकरीत हे चालून जातं, कारण आस्थापना विभागातले लोक ओळखीचे असतात. स्वतःचं काम सुरू करताना मात्र ऑनलाइन फॉर्म कुणाला ओळखत नाही. आधार आणि पॅनवरचं नाव जुळलं नाही तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, पहिल्याच पानावर अडते.

म्हणून आधी एक नाव ठरवा. सासरचं ठेवायचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हवा. लग्न शहरात झालं असेल तर तो महापालिकेच्या कार्यालयातून मिळतो, गावात असेल तर ग्रामपंचायतीतून. गरज पडली तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. तो अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर होतो, आणि राजपत्राची प्रत पुढे कौन्सिल, बँक, पॅन सगळीकडे चालते. क्रम असा ठेवा: आधी आधार, मग पॅन, मग बँक, शेवटी कौन्सिल. माहेरचंच नाव कायम ठेवायचं असेल तरी हरकत नाही, फक्त ते सगळ्या कागदांवर अक्षर न अक्षर तेच असू द्या.

नोकरीत असाल तर

सरकारी नोकरीतल्या सिस्टर्सना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यानुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसाय करता येत नाही, मग तो सुट्टीच्या दिवशी घरून केलेला का असेना. अर्ज मेट्रनमार्फत वर पाठवा आणि आवक क्रमांक घातलेली पोच घ्या. खासगी हॉस्पिटलात असाल तर नेमणूकपत्र काढून वाचा. बहुतेकदा दुसरं काम करण्याबद्दल त्यात एखादं कलम असतं. तोंडी ‘करा की’ यावर विसंबू नका, एनओसी लेखी मागा. नोकरी सोडणार असाल तर रिलिव्हिंग ऑर्डर आणि एक्सपीरियन्स लेटर हाती आल्याशिवाय बाहेर पडू नका. ते पत्र पुढे लागणार आहे.

प्रशिक्षण कुठलं घ्यायचं

इथे दोन वेगळ्या गोष्टी शिकायच्या असतात. एक म्हणजे आहार-व्यायामाचं ज्ञान, दुसरी म्हणजे कोचिंगचं कौशल्य.

पहिल्यासाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पोषण व आरोग्य शिक्षण पदविका हा अभ्यासक्रम मला सगळ्यात परवडणारा आणि नीट वाटतो. बारावी पास पुरते, किमान मुदत एक वर्ष. प्रवेश सध्या सुरू आहे का ते इग्नूच्या संकेतस्थळावर आधी पाहा. अर्ज ऑनलाइन. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, फोटो, सही आणि आधार लागतं, शिवाय आता दूरशिक्षणासाठी डेब आयडी (दूरशिक्षण मंडळाचा विद्यार्थी ओळख क्रमांक) आधी काढावा लागतो. हा कोर्स केल्याने डायटिशियन होता येत नाही, हे लक्षात असू द्या. योगाची आवड असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा आहेत. त्यात योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर आणि त्यावरची योग वेलनेस इन्स्ट्रक्टर अशा पायऱ्या आहेत.

कोचिंगच्या कौशल्यासाठी जगात सर्वाधिक मानलं जाणारं प्रमाणपत्र अमेरिकेच्या एनबीएचडब्ल्यूसीचं, म्हणजे नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंगचं. ही संस्था तिथल्या डॉक्टरांच्या परीक्षा घेणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्ससोबत परीक्षा घेते, आणि पहिली परीक्षा २०१७ मध्ये झाली. ते भारत सरकारचं लायसन्स नाही, पण परदेशी कंपन्यांचं ऑनलाइन काम किंवा मोठ्या कॉर्पोरेट वेलनेस कंपन्या डोळ्यासमोर असतील तर त्याला वजन आहे.

त्याच्या तीन अटी आहेत. बोर्डाने मान्य केलेला प्रशिक्षण कार्यक्रम पूर्ण करायचा, ज्यात प्रत्यक्ष कौशल्याची चाचणीही असते. कोणत्याही विषयातली किमान असोसिएट डिग्री (अमेरिकेतली साधारण दोन वर्षांची पदवी) किंवा कोणत्याही क्षेत्रातला ४००० तासांचा कामाचा अनुभव दाखवायचा. आणि ५० कोचिंग सत्रांची नोंदवही द्यायची. जीएनएम झालेल्या सिस्टर्स “आमचा तर डिप्लोमा आहे, डिग्री नाही” म्हणून इथेच मागे फिरतात. फिरू नका. ४००० तास म्हणजे आठ तासांच्या पाचशे ड्युट्या, म्हणजे पूर्णवेळ नोकरीची दोन वर्षंही नव्हेत. एक्सपीरियन्स लेटर लागतं ते यासाठी. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद आणि आठवड्याचे तास स्पष्ट लिहून घ्या. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्यावर भागत नाही.

५० सत्रांच्या नोंदवहीत लोक चुकतात. प्रत्येक सत्र किमान २० मिनिटांचं हवं आणि त्यातला किमान ७५ टक्के वेळ कोचिंगचा, माहिती देण्याचा नव्हे. नातेवाईक, मैत्रिणी, वर्गातले सोबती यांच्यासोबतची सत्रं चालत नाहीत. प्रशिक्षणातला कौशल्याचा भाग संपल्यावरची सत्रंच धरतात, म्हणून वॉर्डात वर्षानुवर्षं केलेलं समुपदेशन यात मोजता येत नाही. पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, वेळ, मिनिटं आणि क्लायंटची आद्याक्षरं लिहा. क्लायंट मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असला तरी चालेल, परीक्षा मात्र इंग्रजीत आहे. ती बहुपर्यायी असते आणि प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेतून होते. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, नूतनीकरणाला ३६ तासांचं पुढचं शिक्षण लागतं.

खर्चाचा विचार आधी करा. मान्य कार्यक्रम बहुतांश अमेरिकेतले, फी डॉलरमध्ये. न्यूयॉर्कची संध्याकाळी सातची बॅच म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार किंवा साडेपाच, नाइट संपवून आलेल्या बाईसाठी हे सोपं नाही. फक्त सोलापुरातच, मराठीतून काम करायचं असेल तर या प्रमाणपत्रासाठी कर्ज काढू नये, असं मी सांगेन. अमेरिकेत खास नर्सेससाठी नर्स कोचचं वेगळं बोर्ड प्रमाणपत्र आहे, पण त्यासाठी तिथलं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स लागतं.

कामाची नोंद

सुरुवात उद्यम नोंदणीने करा. ती पूर्णपणे मोफत आहे. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, पॅन, बँक खात्याचा तपशील आणि पत्ता एवढंच भरायचं, कागद अपलोड करायचे नाहीत. सरकारी दिसणारी बरीच खासगी संकेतस्थळं यासाठी पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का ते आधी पाहा.

नंतर शॉप अॅक्ट, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार एकटीने किंवा एक-दोन मदतनीस घेऊन काम करणाऱ्यांना परवाना लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. आधार, पॅन, फोटो, जागेचं लाइट बिल किंवा भाडेकरार, स्वयंघोषणापत्र लागतं. पाटीवर मराठी देवनागरीत नाव आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेलं हवं, आणि पाटीचा फोटो अर्जाला जोडावा लागतो, म्हणून पाटी आधी बनवून घ्या. बँकेत चालू खातं उघडताना उद्यम प्रमाणपत्र आणि ही पावती दोन्ही कामी येतात. व्यवसाय कराचं पीटीईसी (नावनोंदणी प्रमाणपत्र) महाजीएसटी पोर्टलवर काढा, स्वयंरोजगाराला वर्षाला २५०० रुपये. जीएसटीची चिंता वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत नको.

काय करायचं नाही

कोच म्हणून गोळीचा डोस कमी-जास्त करायला सांगू नका, रिपोर्ट पाहून निदान करू नका. क्लायंटच्या शुगरचे आकडे घसरताना दिसले तर डॉक्टरांकडे पाठवा आणि पाठवल्याची नोंद ठेवा. चूर्ण-पावडर देऊन ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात अजिबात करू नका. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याच्या यादीत मधुमेह, लठ्ठपणा आणि रक्तदाब आहेत, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सप्लिमेंट विकायचे तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी वेगळी लागते. मला विचाराल तर विकूच नका, कारण डबे विकायला लागलं की प्रश्न विचारणं मागे पडतं. इन्स्टावर आरोग्याबद्दल बोलणाऱ्यांनी आपली पात्रता स्पष्ट सांगावी, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं आहे. तुमच्याकडे सांगण्यासारखी पात्रता आहे, ती लिहा.

प्रत्येक क्लायंटकडून एक पानाचं संमतीपत्र घ्या: मी कोच आहे, उपचार करत नाही, तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय कुणाला देणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची तरतूद आहे, आणि तेलुगू-कन्नड त्यात आहेत. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या क्लायंटसाठी तेलुगूतलं पान तयार ठेवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

स्वतःचा धंदा नको असेल तर

याच कामाच्या जवळचं पगारी पद सरकारी व्यवस्थेत आहे: समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ. २०१८ पासूनची हेल्थ अँड वेलनेस सेंटर आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखली जातात, आणि उपकेंद्रांवर सीएचओ तिशीवरच्या लोकांची शुगर, बीपी, कॅन्सरची तपासणी, पाठपुरावा आणि जीवनशैलीचं मार्गदर्शन करतात. बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना तिथे जागा आहे, जीएनएम चालतं का ते त्या-त्या जाहिरातीत पाहा. सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र या पदासाठीच आखलेलं आहे. पद राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी असतं. जाहिरात निघते तेव्हाच अर्ज घेतात आणि मुदत थोडी असते, म्हणून कौन्सिलचं चालू नूतनीकरण, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र, एक्सपीरियन्स लेटर हे सगळं स्कॅन करून मोबाइलमध्ये एका फोल्डरला आजच ठेवा. जाहिरात जिल्हा परिषदेच्या आणि अभियानाच्या संकेतस्थळावर पाहा.