स्प्रिंगचं किट आणि ब्रेडबोर्ड: दोन्ही बिनसोल्डरचे, पण वेगळे

सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडणं, स्प्रिंगच्या किटमध्येही लागत नाही आणि ब्रेडबोर्डवरही (भोकांत पाय खोचून सर्किट जुळवायची पाटी), म्हणून ही दोन एकाच जातीची समजली जातात. पण लहानपणी स्प्रिंगच्या किटवर रेडिओ वाजवलेला माणूसही ब्रेडबोर्डवर साधा एलईडी लावताना अडखळतो.

स्प्रिंगच्या किटमध्ये रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर पाटीवर पक्के बसवलेले असतात आणि प्रत्येकाचं टोक नंबर घातलेल्या स्प्रिंगला जोडलेलं असतं. पुस्तिकेत ‘5-31-48’ लिहिलं असेल तर 5 ते 31 एक वायर, 31 ते 48 दुसरी. स्प्रिंग वाकवायची, वेढ्यांच्या फटीत उघडं टोक सरकवायचं, सोडून द्यायची. सर्किट चालत नसेल तर बहुतेकदा दोष इथेच सापडतो: फटीत तांब्याऐवजी प्लास्टिकचं आवरण अडकलेलं असतं. वायर ओढूनही निघत नाही, करंट मात्र शून्य! दुसरी खोड म्हणजे तिसरी वायर घालायला स्प्रिंग वाकवली की पहिली गुपचूप निसटते.

ब्रेडबोर्डवर उलट. भाग सुटे, जोडणी पोटात. भोकं 2.54 मिलिमीटर अंतरावर. मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकांच्या ओळी, प्रत्येक ओळीखाली एक धातूची पट्टी. एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत गेले तर तो शॉर्ट होतो, पेटत नाही. आयसी (दोन्ही कडांना पिना असलेली चिप) खाचेच्या दोन बाजूंना पिना येतील असा बसवला नाही तर समोरासमोरच्या पिना जोडल्या जातात. लांब बोर्डांवर कडेची सप्लायची पट्टी कधीकधी मध्येच तुटलेली असते. अर्धं सर्किट मेलेलं दिसलं तर आधी तिथे मीटर लावा. वायर एकतारी, 22 गेजची घ्या. अनेक तारांची मऊ वायर भोकात शिरण्याआधीच विस्कटते.

पायांची दिशाही इथे तुम्हालाच सांभाळावी लागते. बीसी547 या ट्रान्झिस्टरची सपाट बाजू समोर धरली की त्याचे तीन पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन2222 या ट्रान्झिस्टरमध्ये नेमकं उलट. 9 व्होल्टवर लाल एलईडीला 470 ओहमचा रेझिस्टर लावा: एलईडीचे साधारण 2 व्होल्ट वजा करून (9 − 2) ÷ 470, म्हणजे साधारण 15 मिलिअँपिअर.

किटवरचं जुनं सर्किट ब्रेडबोर्डवर न्यायचं तर वायरी मोजू नका. ‘5-31-48’ ही सगळी मिळून एकच ओळ: त्या तीन स्प्रिंगांवरचे तीन पाय एकाच पट्टीत खोचा, वायर एकही लागत नाही. पाचाहून जास्त पाय असतील तर एक भोक राखून वायरने शेजारची ओळ जोडून घ्या.