डोळ्यात निघणारा कुत्र्याचा जंत, हे प्रकरण आलं कुठून

हत्तीपाय काय असते हे आमच्या भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आरोग्यवाले रात्री आठनंतर येऊन बोटाला टोचून रक्त नेतात, कारण हत्तीपाय करणाऱ्या जंताची बारीक पिल्लं रात्रीच वरच्या रक्तात येतात. ही रात्रीची गोष्ट पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरनं चीनच्या आमॉय बंदरात शोधली, त्याच्या माळ्याच्या रक्तात जंत होते, तर 1877 मध्ये त्यानं त्या माळ्याला डास चावू दिले अन् मग ते डास फाडून पाहिले तर जंत आत वाढून राहिले होते! पण त्याला वाटलं की डास पाण्यात मरते अन् ते पाणी पिऊन रोग लागते. चावल्यानंच लागते हे पक्कं व्हायला 1900 उजाडलं. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही पाण्याचा दोष म्हणतात, त्यांना अडाणी म्हणू नका, मॅन्सनही तेच समजत होता.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या जंताबद्दल, डायरोफिलेरिया रेपेन्स. हा मूळचा कुत्र्याच्या कातडीखालचा, डासामार्फत चुकून माणसात येते. 1885 मध्ये इटलीत डोळ्यातल्या अशाच जंताला माणसाचा वेगळा जंत समजून फायलेरिया कंजंक्टिव्ही नाव दिलं, रेपेन्स हे नाव 1911 चं, अन् दोन्ही एकच हे जुळायला त्यानंतर कित्येक वर्षं गेली. भारतात केरळातून याच्या बऱ्याच केसेस नोंदल्या आहेत.

माणसात हा बहुतेक एकटाच राहते, पिल्लं होत नाहीत, म्हणून रात्रीचं रक्त तपासलं तरी रिपोर्ट साफ येते, अन् पेशंट गाठ घेऊन फिरत राहते. कधी गाठ जागा बदलते, कधी जंत डोळ्याच्या पांढऱ्या भागावर वळवळताना दिसते. डॉक्टर जागा बधिर करून जंत काढतात, बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागते.

2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी तीन औषधांची मोहीम सुरू झाली, फार चांगलं काम, गोळ्या घ्याच. पण त्या गोळ्या माणसांसाठी, गल्लीतल्या कुत्र्यांतला जंत तसाच राहते. म्हणून कोणाच्या डोळ्यातून असं काही निघालं तर फेकू देऊ नका, लॅबला पाठवायला सांगा, नुसतं पाहून तो कोणता जंत हे ओळखू येत नाही.