पार्श्वभूमी : फोन क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य

अनेक देशांत ट्रंक कॉलआधी फिरवायचं शून्य ही एक्स्चेंजला दिलेली खूण होती: कॉल गावाबाहेरचा आहे. ग्राहकाच्या क्रमांकाचा तो भाग नव्हता, म्हणून ई.१६४ या फोन क्रमांकांच्या जागतिक मानकाच्या कमाल १५ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांकात ते येत नाही. लंडनचा ०२० बाहेरून +४४ २० होतो. लेटरहेडवर मात्र '+४४ (०) २०' छापायची पद्धत पडली आणि लोक फॉर्ममध्येही तेच भरू लागले. त्यावर सरसकट तोड निघाली: देशाच्या कोडनंतरचं शून्य छाटा.

इटलीत ही तोड सपशेल चुकते. तिथे १९९८ मध्ये शहराचा कोड स्थानिक कॉललाही सक्तीचा झाला आणि शून्य क्रमांकातच सामावलं. रोमला परदेशातूनही +३९ ०६ असंच लावावं लागतं. शून्याच्या जागी ४ आणायचा पुढचा बेत बारगळला. २००१ मध्ये मोबाइलचं शून्य मात्र गेलं. म्हणजे एकाच देशात लँडलाइनला शून्य हवं, मोबाइलला नको. या व्यवस्थेला विचित्र म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ती रास्त वाटते, कारण लँडलाइनचा क्रमांक देशातून आणि बाहेरून एकच राहिला. गफलत आहे ती शून्याला बिनकामाचं समजण्यात.

ती समजूत डेटाबेसमध्येही मुरली. क्रमांक पूर्णांक म्हणून साठवला की सुरुवातीचं शून्य आपोआप गळतं. मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) राष्ट्रीय क्रमांक पूर्णांकातच ठेवला, आणि गळलेलं शून्य लक्षात ठेवायला इटलीच्याच नावाचं हो-नाही फील्ड जोडलं. एका शून्याने भागेना, तेव्हा शून्यं मोजणारं आणखी एक फील्ड आलं. क्रमांक पहिल्यापासून मजकूर म्हणून ठेवला असता तर या दोन्हींची गरजच पडली नसती.

ट्रंकची खूण दरवेळी शून्यच असते असंही नाही: रशियात ८, हंगेरीत ०६. मेक्सिकोने ०१ ही खूण २०१९ मध्ये बंदच केली. २०२१ मध्ये आयव्हरी कोस्टचे आठ अंकी क्रमांक दहा अंकी झाले. मोबाइल आता ०१, ०५ किंवा ०७ने सुरू होतो. ही शून्यं क्रमांकाचाच भाग आहेत. +२२५ ०७ मधलं शून्य छाटलं की नऊच अंक उरतात, आणि लांबी तपासणारा कोड खऱ्या ग्राहकाचा क्रमांक अवैध ठरवतो.