कलाशिक्षणासाठी निधी : अर्ज करण्याआधी संस्थेचं नाव तपासा
(शाळा, संस्थाचालक आणि कलाशिक्षक यांच्यासाठी माहितीपत्रक)

आम्ही शाळांना आणि संस्थांना निधीचे प्रस्ताव लिहून देतो. आमच्याकडे येणाऱ्या शाळांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तबला-पेटी, चित्रकलेचा वर्ग, नाट्यशिबिर यांसाठी पैसे कुठून मिळतील?" प्रश्न रास्त आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेवर भर आहे, वेळापत्रकात तासही आहे; पण वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती भागवून झाली की ड्रॉइंगच्या कागदापुरतंही काही उरत नाही. पैसे कुठे आहेत हे सांगायला आम्हाला अर्धा तास पुरतो. गाडी अडते ती त्यानंतर, आणि जवळजवळ दरवेळी एकाच जागी. म्हणून हे पत्रक.

अर्ज नेमका कोण करतंय?

मुख्याध्यापक कंपनीच्या सीएसआर निधीसाठी (कंपनीनं कायद्यानं समाजोपयोगी कामावर खर्चायचा पैसा) शाळेच्या लेटरहेडवर अर्ज लिहितात. खाली शाळेचा गोल शिक्का, युडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आणि शाळेचं बँक खातं. कंपनीकडून उत्तर येतं : नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ए (संस्थेच्या करसवलतीची नोंदणी), ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीची नोंदणी) आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठी संस्थेची केंद्र सरकारकडची नोंदणी) चा क्रमांक पाठवा. मग धावपळ सुरू होते, कारण यातलं काहीच शाळेच्या नावावर नसतं. खाजगी शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित, तिला स्वतःचं वेगळं कायदेशीर अस्तित्व नसतं. ते असतं ती चालवणाऱ्या संस्थेला. ११ आकडी युडायस सरकारला शाळा ओळखायला पुरतो, देणगीदाराला नाही. निधी संस्थेला मिळतो, संस्था तो शाळेवर खर्च करते आणि हिशेबही संस्थाच देते. तेव्हा अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर हवा, सही अध्यक्ष किंवा सचिवांची हवी, आणि सोबत त्यांना सहीचा अधिकार देणारा कार्यकारिणीचा ठराव हवा.

एवढं कळलं की लोक म्हणतात, "हात्तिच्या, मग संस्थेच्या नावानं करू." आणि खरी गोम तिथेच निघते : संस्थेचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं असतं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालच्या प्रमाणपत्रावर 'शिक्षण प्रसारक मंडळी', धर्मादाय आयुक्तांच्या प्रमाणपत्रावर 'शिक्षण प्रसारक मंडळ', बँकेत नुसती आद्याक्षरं, आणि पॅन कार्डावर 'शिक्षण'च्या रोमन स्पेलिंगमधला एक एच गळालेला. गावात सगळ्यांना माहीत असतं की संस्था एकच. कंपनीच्या मुंबईतल्या कार्यालयात कागद तपासणाऱ्या मुलीला ते माहीत नसतं, आणि तिनं ते गृहीत धरावं अशी अपेक्षाही चुकीची. ती फाइल बाजूला ठेवते. नकार येत नाही, होकारही येत नाही.

दुसरी तशीच गोष्ट परिशिष्ट १ च्या उताऱ्याची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या आणि तिच्या विश्वस्तांच्या नोंदीची. अध्यक्ष निवर्तले, नवीन निवडले गेले, वर्तमानपत्रात फोटो आला. पण धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, गेलाच नाही. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत द्यायचा असतो. उताऱ्यावर जुन्या अध्यक्षांचं नाव आणि अर्जावर नव्या अध्यक्षांची सही, हे पाहून कोण पैसे देईल? उशिराचा फेरफार मंजूर व्हायला किती काळ लागेल याची हमी आम्हीच काय, कुणीही देऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट मुदतीची. काही कार्यालयांत १२ए चं जुनं प्रमाणपत्र फ्रेम करून सरस्वतीच्या शेजारी टांगलेलं असतं. ते तिथेच शोभतं. २०२१ पासून या नोंदण्यांना मुदत आली आहे. नवं प्रमाणपत्र नसेल तर सीएसआर-१ पुढे सरकत नाही, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ शिवाय कोणत्याही कंपनीला आपला सीएसआर निधी संस्थेमार्फत खर्च करता येत नाही. कंपनीनं स्वतः स्थापलेली नसलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी १८६० च्या कायद्याखालच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर प्रमाण माना. मग पॅन आणि बँक खातं त्याबरहुकूम दुरुस्त करा. त्यानंतर १२ए-८०जी, आणि सगळ्यात शेवटी सीएसआर-१. उलट्या क्रमानं गेलात तर प्रत्येक कागद दोनदा करावा लागतो. आमच्याकडे वाया जाणारा सर्वांत जास्त वेळ याच खात्यात जमा आहे.

जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळांची गोष्ट निराळी. तिथे संस्थाच नसते. अशा वेळी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शिक्षण विभागाची लेखी संमती घेऊन कंपनीला सरळ सांगा : वस्तू तुम्हीच खरेदी करून द्या. कंपनी स्वतः काम करत असेल तर ज्याला लाभ मिळतो त्याला सीएसआर-१ लागत नाही. छोट्या मागणीसाठी खाजगी शाळांनाही हा मार्ग सोयीचा पडतो. (हे सांगून आम्ही आमचंच काम कमी करतो, पण असो.)

पैसे कुठे आहेत

मोठा झरा सीएसआरचाच. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात, आणि त्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. तेव्हा दिल्ली-मुंबई राहू द्या, तुमच्या एमआयडीसीत कोण आहे ते पाहा. याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षणाचं कलम वेगळं आणि कला-संस्कृती, पारंपरिक कलांचं वेगळं. तुमचा चित्रकला वर्ग दोन्हींत बसतो. कंपनीनं गेल्या वर्षी कुठल्या कलमाखाली खर्च केला ते तिच्या वार्षिक अहवालात असतं. ते वाचून त्याच भाषेत मागणी लिहा. फेब्रुवारीत "मार्चच्या आत काहीतरी द्या" म्हणत जाऊ नका. वर्षाचा आराखडा आधीच ठरलेला असतो.

आमदार-खासदार निधी मुख्यतः बांधकाम आणि टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून रंगमंच उभा राहील, संगीत शिक्षकाचं मानधन निघणार नाही.

केंद्र सरकारच्या सीसीआरटीची (सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची) सांस्कृतिक शिष्यवृत्ती १० ते १४ वयाच्या मुलांना मिळते, शाळेला नव्हे. तरी मुलांचे अर्ज जरूर भरून घ्या. निवड झालेला एक विद्यार्थी पुढच्या प्रस्तावात दहा छापील पानांपेक्षा जड भरतो. सीमाभागातल्या कर्नाटक सरकारच्या मराठी शाळांनी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे लक्ष ठेवावं. तिथल्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांना आणि कलाकारांना त्यांनी कलाशिक्षणासाठी अनुदानं दिलेली आहेत.

अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्याबद्दल एक सावधगिरी. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर अडचण नाही. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचं ओळखपत्र) असूनही ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. पैसे जमा होण्याआधी विचारा. संमेलनात सत्कार झाल्यावर नको.

मागणी कशी लिहावी

तबल्याचे चार जोड, दोन पेट्या, एवढीच यादी पाठवू नका. तबल्याची पुडी बदलावी लागते, शाई निघते, पावसाळ्यात पेटीच्या भात्यात दमट हवा शिरते आणि सूर हलतात. शिकवणारा नसेल तर तेही होत नाही. वाद्यं कपाटात आणि किल्ली शिपायाकडे. मानधन आणि देखभाल निदान दोन वर्षांची धरा. मागणीचा आकडा वाढतो म्हणून घाबरू नका. देणाऱ्याला तो हिशेब समजतो.

पुरावा म्हणून गेल्या तीन वर्षांत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती मुलं बसली आणि कुठल्या श्रेणीत आली, संगीताच्या गांधर्व परीक्षा किती जणांनी दिल्या, कला उत्सव या शालेय स्पर्धेत शाळा कुठवर गेली, ते लिहा. फोटो पाच पुरेत. पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतानाचे नकोत, हात मातीनं माखलेली मुलं दिसू देत.

आमच्या शुल्काबद्दल

"आधी पैसे येऊ देत, मग दहा टक्के घ्या," असं पुष्कळजण प्रेमानं सांगतात. आम्ही टक्केवारीवर काम करत नाही. निधी ज्या कामासाठी मंजूर होतो त्याच कामावर खर्चायचा असतो. त्यातून आमचा वाटा काढला तर उपयोगिता प्रमाणपत्रात तुम्ही तो दाखवणार कुठे? म्हणून शुल्क ठरलेलं, कामाआधी सांगितलेलं आणि पावतीसह असतं. मंजुरीची हमी आम्ही देत नाही, साहेबांची ओळखही विकत नाही. हमी देणारा कोणी भेटला तर त्याच्याकडून ती लेखी घ्या, मग बघा.

हेही खरं की नावाची दुरुस्ती तुमचा नेहमीचा लेखापरीक्षक करू शकतो; ती त्याच्याकडून करून घेतलीत तर आमचं शुल्क कमी होतं. कागद पूर्ण नसताना मात्र आम्ही प्रस्ताव लिहायला घेत नाही. यावरून काही जण नाराज होतात. पण एकदा अपुरी गेलेली फाइल त्याच कंपनीकडे दुसऱ्यांदा उघडून घेणं फार अवघड असतं.

पहिल्या भेटीत फक्त कागद पाहतो, त्याचं शुल्क नाही. येताना दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं (एकावर 'महा', दुसऱ्यावर बहुधा 'एफ' क्रमांक असतो), परिशिष्ट १ चा ताजा उतारा, संस्थेचं पॅन, रद्द केलेला चेक, १२ए-८०जी आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणा. झेरॉक्स चालतील, मूळ प्रती घरी ठेवा. सचिव आणि कलाशिक्षक दोघंही आले तर उत्तम. एकाला कागद माहीत असतात, दुसऱ्याला मुलं. मे महिन्यात या. जूनमध्ये शाळा भरल्या की तुम्हालाही सवड नसते आणि आमच्याकडेही रांग लागते.