बागेची जागा आधी गेली, पैशाचं रडगाणं नंतरचं

मराठवाड्यातल्या कुठल्याही वाढत्या गावात बागेचा, मैदानाचा विषय निघाला की गाडी दोन मिनिटांत "पालिकेकडं पैसा नाही" वर येऊन थांबते. पैसा नाही हे खरंच, पण त्याच्या आधी जागा गेली आणि ती कशी गेली हे कुणी सांगत नाही.

लई मागं जायची गरज नाही. संभाजीनगरची हिमायतबाग मोगलांच्या काळातली, आज तिथं फळ संशोधन केंद्र आहे, पण असल्या बागा काही गल्लीतल्या पोरांना खेळायला म्हणून लावलेल्या नव्हत्या. नकाशावर आधीच जागा राखून ठेवायची ही पद्धत आपल्याकडं रुळली ती 1966 च्या नगररचना कायद्यामुळं. डीपी, म्हणजे गावाचा विकास आराखडा, मंजूर झाला की कुणाच्या तरी शेतावर "उद्यान" किंवा "क्रीडांगण" असं आरक्षण पडतं, आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

त्या कायद्यातलं कलम 127 म्हणजे सगळ्या भानगडीचं मूळ. डीपी लागू होऊन 10 वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतलीच नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत पालिकेनं जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण रद्द झालं असं धरतात. ही मुदत आधी 6 महिने होती, 2009 ला 12 झाली, 2015 ला 24. म्हणजे सरकार पालिकांना वेळ वाढवून देत गेलं, पण वेळेनं जमीन येत नाही, ती पैशानं येते. आता "पावलं" म्हणजे काय यावर वर्षानुवर्षं वाद चालला. पालिका काय करायच्या, तर सभेत ठराव घ्यायच्या, जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र टाकायच्या आणि म्हणायच्या की आम्ही पाऊल उचललं. 2007 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसता पत्रव्यवहार चालणार नाही, प्रत्यक्ष संपादनाच्या दिशेनं पाऊल पाहिजे. तिथून पुढं हायकोर्टाच्या खंडपीठात नुसता ठराव घेऊन जाणं अवघड झालं.

मालकाची बाजू खोटी नाही, हे पण लिहिलं पाहिजे. गावाला लागून दोन एकर आहे, त्यावर आरक्षण, म्हणजे प्लॉट पाडता येत नाही, विकायला गेलं तर भाव येत नाही, पोरीच्या लग्नाला ती जमीन कामाची नाही, आणि 20 वर्षांनी पालिका म्हणते पैशाऐवजी टीडीआर घ्या, म्हणजे दुसरीकडं जादा बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क. मुंबई-पुण्यात टीडीआरला गिऱ्हाईक असतं, तालुक्याच्या गावात तो कागद कोण विकत घेणार? पण दुसरी बाजू जास्त टोचते. नोटीस येते, आवक-जावकमध्ये शिक्का बसतो, नंबर पडतो, आणि नंतर ती फाईल या टेबलावरून त्या टेबलावर इतकी हळू फिरते की मुदत आपोआप संपते. दरवेळी हा निव्वळ आळस असतो यावर माझा तरी विश्वास नाही. आरक्षण उठल्यावर तिथं लेआउट किती पटकन पडतो ते बघा म्हणजे कळेल. त्यात 2014 पासून नवा भूसंपादन कायदा आला, मोबदला वाढला, शेतकऱ्याच्या दृष्टीनं चांगलंच झालं, पण ज्या पालिकेला पगाराची मारामार ती दोन एकर बागेसाठी काय घेणार.

उरली लेआउटमधली 10 टक्के ओपन स्पेस. ती कागदावर असते, पण बऱ्याच ठिकाणी पालिकेकडं हस्तांतरणच झालेलं नसतं, सातबाऱ्यावर मूळ मालकाचंच नाव, मग तिथं आधी मंदिर, मग समाजमंदिर, मग पाण्याची टाकी. आणि गुंठेवारीत, म्हणजे शेताचे बिनमंजुरीचे तुकडे पाडून झालेल्या वस्तीत, तर ती पण नाही, बॉण्डपेपरवर विकलेल्या प्लॉटांत रस्ताच जेमतेम सुटतो तिथं बाग कोण सोडणार. 2001 ला गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, 2021 ला ती सवलत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना दिली, घरं कायदेशीर झाली पण मैदान कुठून आणणार.

पैशाचं थोडक्यात: नगरपालिकांची जकात 1999 ला गेली, महापालिकांची नंतर, आणि तेव्हापासून हातातलं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी. बाकी सगळं योजनेवर. 2015 ला केंद्राची शहरांसाठीची अमृत योजना आली, त्यात हरित जागांसाठी छोटा हिस्सा होता, लातूर, परभणी, बीड, उदगीर अशी शहरं त्यात होती. पण योजनेचा पैसा बांधकामाला मिळतो, माळ्याच्या पगाराला नाही. म्हणून गेट, कंपाउंड, पेव्हर ब्लॉक आणि ओपन जिम झटक्यात होतं, आणि दोन पावसाळ्यांत जिमच्या मशीन गुडघाभर गाजरगवतात उभ्या असतात, बेअरिंग जाम, सीट कुणीतरी काढून नेलेली.

आणि पाणी. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात लॉनला पाणी द्या असं म्हणायची कुणाची हिंमत होती? तरी नंतरच्या अंदाजपत्रकांत पण लॉन आणि कारंजी येतच राहतात, कडुनिंब, चिंच लावून मैदान मोकळं ठेवायचा प्रस्ताव मात्र क्वचित, कारण त्यात टेंडर काढण्यासारखं फार काही नसतं.

2014-15 ला बऱ्याच तालुक्यांच्या ठिकाणी नगरपंचायती झाल्या. तिथं डीपी लागू झाला की त्या तारखेपासून तीच 10 वर्षं मोजायला सुरुवात होते.